डी अँड डीच्या फाइटमध्ये दुसऱ्या राउंडनंतर कोणी हलतच नाही, काय करावं?

तुमचा प्रश्न मी असा समजलोय, चुकत असेल तर सांगा. डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलवरचा रोलप्लेइंग गेम; पाच प्लेअर, लेव्हल ४, 2014 चं फिफ्थ एडिशन, ग्रिडवर (पाच-पाच फुटाच्या चौकोनांच्या नकाशावर) खेळता. पहिल्या राउंडला सगळे धावत जाऊन समोरच्याला भिडतात आणि तिथून पुढं जो तो आपापल्या चौकोनात उभा राहून डाइस टाकत बसतो, फाइट संपेस्तोवर दीड-दोन तास जातात. त्यावर तुम्ही तीन उपाय विचारलेत: फ्लँकिंगचा (शत्रूला दोन बाजूंनी घेरण्याचा) ऑप्शनल रूल चालू करू का, ऑपॉर्च्युनिटी अटॅक (शत्रूपासून दूर जाताना तो मारतो तो फटका) काढून टाकू का, की सरळ पाथफाइंडर सेकंड एडिशन या दुसऱ्या गेमला जाऊ. मिनिएचर (बोर्डावर ठेवायच्या छोट्या बाहुल्या) विकत घ्यायच्या का ते पण विचारलंय, त्यावर शेवटी बोलतो.

आता तिन्ही उपायांवर माझं मत आहे पण त्याआधी मूळ दुखणं बघू. तुमचे प्लेअर आळशी नाहीयेत, ते हिशोबी आहेत. हललो तर मार बसेल असं त्यांना वाटतं, आणि हलून हातात काय पडणार तर काहीच नाही, मग कशाला हलायचं? हा हिशोब जोवर बदलत नाही तोवर कुठलाही रूल आणा, दोन सेशन गंमत वाटेल आणि तिसऱ्या सेशनला परत सगळे खांबासारखे उभे. आणि एक गोष्ट तुमच्या टेबलवर अवलंबून आहे जी मी इथून सांगू शकत नाही, ती म्हणजे कंटाळा नक्की कोणाला आलाय. कधीकधी डीएमलाच (खेळ चालवणाऱ्यालाच) कंटाळा आलेला असतो आणि प्लेअर मजेत असतात. तेवढं एकदा विचारून घ्या, मगच पुढचं सगळं.

हलण्याच्या किमतीपासून सुरुवात करू. ऑपॉर्च्युनिटी अटॅकला लोक जितके घाबरतात तितका तो महाग नाहीये. तुमच्या फायटरचा एसी (आर्मर क्लास, फटका लागायला गाठावा लागणारा आकडा) १६ धरा. गोब्लिनला हिटवर +४, म्हणजे वीस बाजूंच्या डाइसवर त्याला १२ किंवा वर पडायला हवं, ४५ टक्के. लागला तर डॅमेज १डी६+२ (सहा बाजूंचा एक डाइस अधिक २), सरासरी साडेपाच. क्रिटिकल (२० पडला की डॅमेजचे डाइस दुप्पट) वगैरे धरून एका ऑपॉर्च्युनिटी अटॅकची सरासरी किंमत झाली पावणेतीन हिट पॉइंटच्या आत. लेव्हल ४ च्या फायटरकडे साधारण ३५-३६ हिट पॉइंट असतात. आता दुसरी बाजू बघा, हाच फायटर घाबरून डिसएंगेज (हा फटका न खाता निसटण्याची ऍक्शन) घेतो, म्हणजे त्या टर्नची आख्खी ऍक्शन गेली. त्या ऍक्शनमध्ये तो लाँगस्वोर्ड मारून (+६ हिट, १डी८+४, गोब्लिनचा एसी १५) सरासरी पाचच्या वर डॅमेज करत होता, आणि गोब्लिनचे हिट पॉइंट आहेतच मुळी ७. म्हणजे पावणेतीन वाचवायला त्यानं पाच घालवले. समोर ओगर असेल तर गोष्ट वेगळी, त्याची सरासरी सातच्या आसपास जाते आणि लागला तर एका फटक्यात १३, तिथं विचार करावा. विझार्डनं (नाजूक जादूगारानं) तर करावाच. पण फायटर, बार्बेरियन, पॅलाडिन यांनी फुटकळ मॉन्स्टरपुढून डिसएंगेज घेणं म्हणजे जवळजवळ नेहमीच तोट्याचा सौदा आहे.

याहून महत्त्वाचं म्हणजे बऱ्याच टेबलांवर हा रूल चुकीचा चालवला जातो. फिफ्थ एडिशनमध्ये ऑपॉर्च्युनिटी अटॅक बसतो तो शत्रूच्या रीचच्या (त्याचं शस्त्र पोचतं तेवढ्या अंतराच्या) बाहेर जाताना, रीचच्या आतल्या आत फिरताना नाही. गोब्लिनच्या समोर उभे आहात, त्याला वळसा घालून मागं गेलात, सगळा वेळ त्याच्या शेजारच्या चौकोनांतच होतात, तर काही होत नाही. फुकट. मात्र 2000 साली आलेल्या थर्ड एडिशनमध्ये रूल कडक होता, धोक्याच्या एका चौकोनातून दुसऱ्यात गेलात तरी फटका, फक्त पाच फुटाची एक स्टेप माफ. जुन्या लोकांनी तीच सवय नव्या एडिशनमध्ये आणली आणि त्यांच्याकडून नव्या लोकांनी उचलली, असं मी कितीतरी टेबलांवर बघितलंय. शिवाय हा अटॅक रिऍक्शनमधून होतो आणि प्रत्येकाला राउंडला एकच रिऍक्शन असते, त्यामुळं एकदा मॉन्स्टरनं फायटरवर ती खर्च केली की बाकीचे चौघं त्याच्यासमोरून बिनधास्त पळू शकतात (मॉन्स्टरची पुढची टर्न येईपर्यंत). चांगल्या एसीवाल्यानं मुद्दाम आधी हलायचं, फटका अंगावर घ्यायचा आणि मग बाकीच्यांनी सुटायचं, हे एकदा टेबलवर कोणाच्या डोक्यात आलं की बघा कसे हलायला लागतात. तुम्ही डीएम म्हणून एवढंच करा, मॉन्स्टरची रिऍक्शन गेली की मोठ्यानं सांगा "याची रिऍक्शन संपली".

आणि ढकलून दिलं किंवा टेलिपोर्ट झालात तर ऑपॉर्च्युनिटी अटॅक बसत नाही, हेही लोकांना माहीत नसतं.

आता फ्लँकिंग. 2014 च्या डीएम गाईडमध्ये तो ऑप्शनल रूल आहे, शत्रूच्या समोरासमोरच्या बाजूंना किंवा कोपऱ्यांना तुमचे दोघं उभे राहिले की दोघांना जवळून मारायच्या (मेली) अटॅकवर ऍडव्हान्टेज, म्हणजे दोन डाइस टाकून मोठा आकडा घ्यायचा. ऐकायला मस्त वाटतो. पण आत्ताच सांगितलं ना, शत्रूभोवती वळसा घालणं फुकट आहे, म्हणजे फ्लँकिंग पण फुकट मिळणार. आणि ऍडव्हान्टेज ही काय साधी गोष्ट नाही, वरच्याच फायटरचं उदाहरण घ्या, गोब्लिनवर त्याचा हिटचा चान्स ६० टक्के होता तो ऍडव्हान्टेजनं ८४ होतो, क्रिटिकलचा चान्स ५ वरून पावणेदहा. एवढं घबाड फुकट मिळत असेल तर दुसरं काही करायची गरजच उरत नाही. शत्रूला पाडून ऍडव्हान्टेज घेणं, लपून मारणं, बार्बेरियनचा रेकलेस अटॅक, फेअरी फायर स्पेल, हे सगळे ऍडव्हान्टेजच देतात आणि ऍडव्हान्टेज एकावर एक चढत नाही, त्यामुळं ज्यानं त्यासाठी क्लास फीचर किंवा स्पेल स्लॉट खर्च केला तो बिचारा मूर्ख ठरतो. रोग (Rogue, चोरटा) क्लासवाल्याला तर स्नीक अटॅकसाठी (जादा डॅमेजच्या फटक्यासाठी) फ्लँकिंगची गरजच नसते, टार्गेटच्या पाच फुटात आपला एक माणूस असला तरी चालतं.

आणि तुमच्या मूळ तक्रारीवर तर हा उलटा उपाय आहे. फ्लँकिंग एकदा जमलं की ते मोडायला नको म्हणून दोघंही जागेवर घट्ट. मग त्यांच्यातल्या एकाच्या मागं दुसरा मॉन्स्टर येतो, त्याच्या मागं तुमचा तिसरा, आणि पंधरा मिनिटांनी बोर्डावर एक लांबलचक रांग दिसते, माणूस गोब्लिन माणूस गोब्लिन. शिवाय हे मॉन्स्टरना पण लागू, आणि संख्येनं बहुतेक वेळा तेच जास्त असतात, तेव्हा पहिला मार तुमच्याच लोकांना बसतो. ग्रुपला फ्लँकिंग हवंच असेल तर थर्ड एडिशनसारखं साधं +२ द्या. ६० चे ७० टक्के होतात, चव येते आणि बाकीच्या गोष्टींची किंमत राहते.

ऑपॉर्च्युनिटी अटॅक पूर्ण काढून टाकायला मी तयार नाही. ते नसतील तर पुढच्या फळीला काही अर्थच राहत नाही, कोणीही सरळ फायटरला बगल देऊन विझार्डवर जाणार. सेंटिनेल फीट (याच अटॅकवर बेतलेली खास क्षमता) घेतलेल्याचं फीट पाण्यात, रोग क्लासची कनिंग ऍक्शन (त्यात डिसएंगेज स्वस्तात मिळतो) अर्धी पाण्यात. त्यापेक्षा मधला मार्ग मी स्वतः चालवतो आणि तो चांगला चालतो: फुटकळ मॉन्स्टरकडे ऑपॉर्च्युनिटी अटॅक नसतोच. कोबोल्ड, गोब्लिन, झॉम्बी, साधे दरोडेखोर यांच्याकडे नाही. शिकलेला सैनिक, होबगोब्लिन, ओगर, नाईट यांच्याकडे आहे. आणि हे प्लेअरना आधीच सांगायचं, लपवायचं नाही, "तो ढालवाला शिकलेला दिसतोय, त्याच्यासमोरून जपून जा" असं बोलून दाखवायचं. मग बोर्डावर काही चौकोन धोक्याचे आणि काही मोकळे असं आपोआप होतं, आणि लोक वाट शोधायला लागतात.

ही कल्पना माझी नाही. 2019 मध्ये आलेल्या पाथफाइंडर सेकंड एडिशनमध्ये साधारण हेच आहे, तिथं पहिल्या लेव्हलला हा अटॅक फक्त फायटर क्लासला आपसूक मिळतो, बाकीच्यांना पुढं फीट घेऊन, आणि मॉन्स्टरमध्येही काहींकडेच असतो. तिथं लोक हलतात त्याचं खरं कारण मात्र दुसरं आहे. टर्नला तीन ऍक्शन असतात आणि हलणं ही त्यातलीच एक, पण दुसऱ्या अटॅकला -५ आणि तिसऱ्याला -१० बसतो. म्हणजे तिसरा अटॅक बहुतेक वाया, मग त्या तिसऱ्या ऍक्शनचं करायचं काय? मागं सरक, ढाल वर कर, शत्रूला घाबरव, काहीतरी. मागं सरकलात तर शत्रूला तुमच्यापर्यंत यायला त्याची एक ऍक्शन घालवावी लागते, तेवढा त्याचा एक अटॅक कमी. मला हे डिझाईन फार आवडतं, या बाबतीत फिफ्थ एडिशनपेक्षा उजवं आहे हे कबूल करायला हरकत नाही. पण कंडिशन (घाबरलेला, पडलेला अशा अवस्था) भरपूर, +१ -२ चा हिशोब सतत, आणि एसीपेक्षा १० नं जास्त आलं तर क्रिटिकल असल्यामुळं तो हिशोब सोडता पण येत नाही. तुमच्या पाच जणांपैकी किती जण घरी रूल वाचून येतात? दोन तरी येत असतील तर विचार करा. सगळं तुम्हालाच समजावून सांगावं लागणार असेल तर फाइट दोन तासांच्या तीन होतील, निदान सुरुवातीला.

तर थोडक्यात इथपर्यंत: ऑपॉर्च्युनिटी अटॅकचा रूल आधी बरोबर चालवा, फुटकळ मॉन्स्टरकडून तो काढा, फ्लँकिंग नको, किंवा +२. यानं हलण्याची किंमत कमी झाली. पण हलून मिळतं काय हा अर्धा भाग राहिलाच, आणि खरी मजा त्यातच आहे.

पहिलं म्हणजे जागा. तुमची खोली ३० फूट बाय ३० फूट असेल, म्हणजे सहा बाय सहा चौकोन, तर ३० स्पीडवाला (टर्नला ३० फूट चालणारा) कोणीही एका टर्नमध्ये कुठंही पोचतो. तिथं टॅक्टिक्स येणार कुठून. निदान एका बाजूला ६०-७० फूट लांबी द्या आणि मधे दोन-तीन गोष्टी ठेवा ज्यांचा रूलमध्ये काहीतरी परिणाम आहे. कमरेएवढी भिंत, अर्धं कव्हर, एसीला +२. बाण मारायची फट, पाऊण कव्हर, +५. चिखल किंवा पडझड, तिथं प्रत्येक फुटाला एक फूट जास्त खर्च. आणि एक खड्डा, खड्डा हवाच! रूलप्रमाणे दर १० फुटाला १डी६, तेव्हा २० फुटी खड्ड्यात पडल्यावर २डी६, सरासरी ७. गोब्लिनचे हिट पॉइंट किती म्हणालो मघाशी? ७. आता तुमचा फायटर अटॅकऐवजी शव्ह करतो (धक्का देतो), ऍथलेटिक्स +६, गोब्लिन फार तर ऍक्रोबॅटिक्स +२ नं अडवणार, एसी १५ चा प्रश्नच येत नाही. तलवारीपेक्षा धक्का भारी, आणि त्यासाठी गोब्लिनच्या योग्य बाजूला जाऊन उभं राहावं लागतं. झालं, माणूस हलला. एकदा प्लेअरनं हे केलं की पुढच्या प्रत्येक फाइटला तो आधी विचारतो "खड्डा कुठाय?"

हल्ली बरेच नवे प्लेअर बाल्डर्स गेट ३ (डी अँड डीवर बेतलेला कॉम्प्युटर गेम) खेळून येतात, त्यात उंचावरून बाण मारला की +२ आणि शव्ह बोनस ऍक्शनमध्ये (मुख्य ऍक्शनशिवायच्या छोट्या जादा ऍक्शनमध्ये) होतो. टेबलवरच्या रूलमध्ये हे दोन्ही नाही. उंचीचा +२ मी मात्र देतो, कारण त्यासाठी शिडी चढावी लागते. शव्ह बोनस ऍक्शनमध्ये देऊ नका, मग दर टर्नला सगळे सगळ्यांना ढकलत बसतात.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, म्हणजे फाइटचा हेतू. समोरचे सगळे मेले की फाइट संपली, एवढंच जिंकणं असेल तर उभं राहून मारणं हीच सगळ्यात शहाणी चाल आहे, प्लेअर बरोबरच खेळतायत. हेतू बदला. दोन राउंडात दार बंद होणार आहे, पुजारी चौथ्या राउंडला विधी पूर्ण करणार आहे, कैद्याला नदीपार न्यायचंय. आपल्याकडं तर याचं उदाहरण शाळेपासून पाठ आहे. 1660 मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडं जाताना बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवली ती सिद्दीची फौज संपवायला नाही, महाराज गडावर पोचून तोफांचा आवाज येईपर्यंत वेळ काढायला. मी यावर एन्काउंटर चालवलाय, नावं बदलून: दहा फुटी खिंड, आठ राउंड धरून ठेवायची, आठव्याच्या शेवटी शिंग वाजतं. पण एक सांगतो, नुसती खिंड ठेवलीत तर दोघं तोंडावर उभे राहून लढतात आणि मागचे तिघं मोबाईल बघतात, म्हणजे आपला मूळ रोग तसाच. बाजूनं एक चढ द्यायचा, पंधरा फुटाचा. चढताना दर फुटाला एक फूट जास्त जातो म्हणजे ३० स्पीडवाल्याची एक पूर्ण टर्न तिथं जाते, आणि तिसऱ्या राउंडपासून शत्रू तिथून यायला लागतो. आता मागच्यांना काम आहे, पुढचा जखमी झाला की अदलाबदल करायची आहे, स्पाइक ग्रोथ (जमिनीवर काटे उगवणारा स्पेल) खिंडीत टाकायचा की चढावर यावर भांडणं होतायत. ती भांडणं ऐकायला मिळाली की समजा जमलं.

मॉन्स्टरही हलवा हो. तुमचेच मॉन्स्टर खांब असतील तर प्लेअर कोणाकडं बघून शिकणार. गोब्लिनकडं निंबल एस्केप आहे, बोनस ऍक्शनमध्ये डिसएंगेज किंवा लपणं. बाण मारला, भिंतीमागं गेला, लपला. त्याला शोधायला कोणीतरी जाणारच. आणि एखाद-दुसऱ्या मॉन्स्टरनं मुद्दाम ऑपॉर्च्युनिटी अटॅक अंगावर घेऊन विझार्डकडं पळायचं, म्हणजे प्लेअरना पण दिसतं की हे परवडतं.

वेळेबद्दल फार लांबण लावत नाही कारण हलायला लागले की अर्धा प्रश्न सुटतो, दोन तास लांब वाटतात ते बहुतेक कंटाळ्यानं. तरी सांगतो. एकाच जातीच्या मॉन्स्टरना एकच इनिशिएटिव्ह, म्हणजे टर्नचा क्रम (रूल तसाच आहे), डॅमेज रोल न करता छापलेली सरासरी घ्या, गोब्लिनला ५, आणि टर्न सुरू होताना पुढच्याचं नाव पण घ्या म्हणजे तो तयारीत राहतो. वाळूचं घड्याळ वगैरे मला आवडत नाही, नवीन माणूस गांगरतो आणि मग नुसता "अटॅक करतो" म्हणून मोकळा होतो, जे आपल्याला नकोच आहे. सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या दोन राउंडात जातो, जेव्हा निकाल लागलेला असतो आणि तरी आपण तीन गोब्लिन एकेक करून मारत असतो. डी अँड डीच्या 1981 च्या बेसिक सेटमध्ये यावर झकास उपाय होता, प्रत्येक मॉन्स्टरला २ ते १२ मधला मोराल (हिंमतीचा) आकडा, त्यांच्यातला पहिला मेला की एकदा आणि अर्धे कामातून गेले की परत एकदा २डी६ टाकायचे, आकड्याच्या वर आले तर ते पळतात किंवा शरण येतात. मी हे जसंच्या तसं उचललंय. गोब्लिनला ७ धरा, अंगरक्षकाला ९-१०, झॉम्बीला १२ म्हणजे तो कधी पळतच नाही. पळणारा गोब्लिन जाऊन बाकीच्यांना उठवणार, मग त्याला अडवायला कोण धावतं ते बघा. परत हालचाल.

सगळं एकदम बदलू नका. पुढच्या सेशनला फक्त रिऍक्शनचा रूल नीट करा आणि नकाशात एक खड्डा आणि एक कव्हर टाका. त्याच्या पुढच्या सेशनला हेतूवाली फाइट. मोराल तर प्लेअरना न सांगता पण सुरू करता येईल. तीन-चार सेशननंतरही कोणी हलत नसेल तर मग शांतपणे बसून पाथफाइंडरचं किंवा ग्रिडच सोडून द्यायचं बोलता येईल, काही ग्रुपना ग्रिड मानवतच नाही, नुसतं तोंडी वर्णन करून ते जास्त छान लढतात.

मिनिएचरचं म्हणाल तर आत्ता पैसे घालू नका. बाहेरून मागवलेल्या महाग पडतात आणि आठ गोब्लिनसाठी आठ कोण घेणार. कॅरमच्या सोंगट्या वापरा, काळ्या शत्रूच्या, क्वीन म्हणजे बॉस, प्लेअरसाठी पांढऱ्या आणि वर स्केचपेननं नावाचं अक्षर. फक्त सोंगटी तीन सेंटिमीटरच्या थोडी वर भरते, एक इंचाच्या चौकोनात बसत नाही, शेजारचीला ढकलते. ग्रिड घरी आखणार असाल तर चौकोन सव्वातीन-साडेतीन सेंटिमीटरचा ठेवा. छापील एक इंची मॅट आधीच घेतली असेल तर रुपयाची नाणी बरोबर बसतात, वर कागद चिकटवा.